कडीचा डबा आणि चाटमास्तर

पोलादपूरपासून महाडपर्यंत गाईच्या मानेकडं इतका वेळ टक लावून बघणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि पुढं होईल असं मला वाटत नाही. गाय विकत घेणारा माणूस दात बघतो, कास बघतो, शिंगं बघतो. हा माणूस मान बघायचा, आणि त्याला गाय विकत घ्यायचीच नव्हती. पोलादपूरला हायस्कुलात तो शास्त्र शिकवायचा. मूळचा घाटावरचा, एकटा जीव, लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही ते कुणी विचारलं तर "राहून गेलं" असं छत्री विसरल्यासारखं सांगायचा. दर रविवारी सकाळी पायवाट चढून तो आमच्या वाडीवर यायचा, माझ्या गोठ्याच्या दारात शेणाची पाटी पालथी घालून तिच्यावर बसायचा आणि कुठली गाय कुठल्या गाईला चाटते ते बघायचा. दुपारपर्यंत बघायचा. वाडीनं पहिल्याच पावसाळ्यात त्याचं नाव चाटमास्तर ठेवलं. त्याच्या कानावर ते गेलं तेव्हा तो रागावला नाही. "शाळेत याहून वाईट नाव आहे," म्हणाला.

मी चार बुकं शिकलेला माणूस, त्यातली दीड विसरलेला. मला लिहायची सवय नाही. पण ही गेल्यापासून बोलायलाही कोणी नाही, म्हणून लिहितो. ही म्हणजे माझी बायको. मास्तरांचं लिहायला बसलो तरी ती मधे मधे येणार, त्याला माझा इलाज नाही. मास्तर बघायला यायचे गाई, पण त्यांना वाडीवर टिकवलं हिनं.

बघण्यापायी मास्तरांनी काय काय सोसलं ते सांगितलं तर खोटं वाटेल. आमच्या तांबी गाईनं एकदा त्यांच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत चघळली. मास्तर तिकडं दुसरी गाय, मोरी, काय करते ते बघण्यात गुंग. हिनं ओरडून सांगितलं तेव्हा त्यांनी बाहीकडं बघितलं आणि म्हणाले, "मीठ आहे घामात, त्यासाठी. हे चाटणं वेगळं, ते धरायचं नाही." गोचिडी तर त्यांच्या अंगावर आमच्या गुरांहून जास्त. एकदा वानरं एकमेकांच्या उवा कशी काढतात ते बघायला झुडपात आडवे झाले. लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या एका बाईला झुडपाबाहेर नुसते दोन पाय दिसले. तिनं जी बोंब ठोकली, ती ऐकून निम्मी वाडी धावली, आम्ही काही जण आजाऱ्याला उतरवायची डोलीसुद्धा घेऊन गेलो. जवळ गेलो तर झुडपातून एक बोट वर आलं. "हळू," मास्तर म्हणाले, "आता दुसरी काढायला बसते की पळून जाते, एवढंच बघायचं राहिलंय." आम्ही सगळे डोली घेऊन गपचूप उभे. दुसरी बसली. मास्तर उठले, कपडे झटकले आणि डोलीवाल्यांना म्हणाले, "चला, चहा घेऊ."

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी आम्हाला पुष्कळदा समजावलं. मला कळलं तेवढं सांगतो. गाय आपल्या वासराला चाटते त्यात नवल नाही, रक्त आहे. पण आमची मोरी घरची आणि तांबी महाडच्या बाजारातून आणलेली, दोघींचं काही नातं नाही, तरी त्या सकाळ-संध्याकाळ एकमेकींची मान चाटायच्या. मास्तर म्हणायचे, "भाऊ, गाईची जीभ कुठंही पोचते. पाठीला पोचते, मांडीला पोचते. स्वतःच्या मानेला पोचत नाही. तिथली खाज दुसरीनंच काढायची. आज मी तुझी काढते, उद्या तू माझी काढ. आणि उद्या तू काढली नाहीस तर परवापासून मीही नाही." म्हशीच्या पाठीवर बगळा बसतो तेही मी त्यांना हौसेनं दाखवलं, तर मान हलवली. "तो धंदा झाला. त्याला किडा तिथल्या तिथं मिळतो. इथं विश्वासावर आहे." हे जनावराला कुणी शिकवलं नाही, म्हणायचे. लाखो वर्षांपूर्वी ज्यांच्यात ही देवघेव थोडी होती ती जगली, त्यांची पोरं जगली, नुसती घेणारी एकटी पडली आणि मेली. तेच रक्तात उतरत आलं. कुठल्याशा लांबच्या मुलखात रक्त पिणारी वटवाघळं आहेत, ती उपाशी राहिलेल्या सोबत्याच्या तोंडात आपल्या पोटातलं रक्त ओकतात, आणि पुढं कधी आपण उपाशी राहिलो तर तो आपल्याला देतो, हे त्यांनी आम्हाला सांगितलं ते आम्ही जेवत असताना. हिनं ताट सरकवलं. "मास्तर, उपाशी मरंन पन त्याच्या हातचं नको."

एकदा हिनं त्यांना धरलंच. म्हणाली, "सगळा देवघेवीचाच मामला हाय, तर मग माया कुठनं आली वो?"

मास्तरांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मग म्हणाले, "वहिनी, रोज उठून कुणी कुणाला किती चाटलं हे लक्षात ठेवायचं म्हटलं तर जनावराचा दिवस त्यातच जाईल. ते ठेवावं लागू नये म्हणून माया आली."

"म्हंजे हिशोबाचा कंटाळा म्हनून माया?"

"तसंच म्हणा."

"मग तुमी कशाला हिशोब करत बसता?"

"मी मास्तर आहे," ते म्हणाले. "मला कंटाळा येऊन चालत नाही."

आमच्याकडं भातलावणीला सावड असते. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात उतरायचं, उद्या मी त्यांच्या. वरच्या आळीत एक जण होता, तो दुसऱ्यांच्या खाचरात जेवणाच्या वेळेला पहिला आणि चिखलात उतरायच्या वेळेला कंबर धरून बसायचा. लोकांनी एक-दोन वर्षं बघितलं आणि एका आषाढात त्याच्या खाचरावर कुणी गेलंच नाही. तो आणि त्याची बायको दोघंच वाकलेली. मास्तर बांधावर उभे, भिजताहेत आणि तोंडावर पोराचं लग्न ठरल्यासारखा आनंद. "हेच, भाऊ, हेच. फुकट्याला बाहेर काढलं. अगदी वानरासारखं." मला म्हणताहेत तोवर ही मागून आली. म्हणाली, "मास्तर, त्याच्या बायकोनं काय केलंय? रोपं पिवळी पडतायत आनि तुमी दात काढताय." मग मास्तरांनी चष्मा काढून माझ्याकडं दिला, पॅन्ट गुडघ्यावर घेतली आणि सरळ त्या फुकट्याच्या खाचरात उतरले. संध्याकाळपर्यंत लावणी केली. चष्मा माझ्याकडं, त्यामुळं रोपं कुठं लावली ते त्यांनाही दिसलं नसावं. ती सगळी उपटून त्या माणसानं दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. मी विचारलं, "मास्तर, हे कशात बसलं?" तर म्हणाले, "हे धरायचं नाही."

आता डब्याचं सांगतो. पहिल्या वर्षी हिनं त्यांना परत जाताना ताक दिलं, कडीच्या पितळी डब्यात. डबा तिच्या माहेरचा, मेढीवरच्या, म्हणजे लाकडी खांबावरच्या, खिळ्याला टांगलेला असायचा. पुढच्या रविवारी मास्तरांनी डबा घासूनपुसून रिकामा परत आणला. हिनं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि म्हणाली, "मास्तर, एवढे शिकलात आनि रिकामं भांडं परत देता? दानाभर तरी काय घालावं." मास्तरांचे कान लाल झाले. त्यानंतर डबा कधी रिकामा आला नाही. खडीसाखर, काड्यापेटी, सुपारी, अंगाचा साबण, दिव्याच्या वाती. एकदा काहीच सुचलं नाही तर शाळेतले खडू घालून आणले. हिनं त्या दिवाळीला त्या खडूंनी गोठ्याच्या उंबऱ्यावर गाईची पावलं काढली आणि मास्तरांना ती दाखवली.

पण तेवढ्यावर थांबली तर ती कसली. मास्तरांनी खडीसाखर आणली की ही ताकावर लोण्याचा गोळा टाकायची. त्यांनी साबण आणला की ताकासोबत वेगळ्या फडक्यात वाल. मास्तर हैराण. दर खेपेला फेडायला यायचे आणि जाताना आणखी घेऊन जायचे. एकदा गोठ्याच्या दारात उभं राहून म्हणाले, "वहिनी, हे कधी बरोबर होणारच नाही का?"

ही शेण काढत होती, मानसुद्धा वर केली नाही. "फिटलं तर तुमी वर कशाला याल?"

मास्तरांना हसू आलं नाही. पाटीवर जाऊन बसले आणि त्या दिवशी गाईंकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात मोरी गेली. म्हातारी झाली होती, बसली ती उठली नाही. तांबी आठवडाभर तिच्या जागेकडं मान लांब करून उभी राहायची, मग मेढीला मान घासायला लागली. मेढीला घासून रक्त काढलंन. ही नारळाच्या सोडणानं रोज तिची मान घासायची. मास्तरांना ते पटेना. "वहिनी, तुम्ही मधे पडू नका. आता ही दुसरीशी जमवते का तेच तर बघायचंय." ही म्हणाली, "तुमचं बघनं व्हईल, तिचा जीव जाईल," आणि घासत राहिली. मी मास्तरांना विचारलं, गोठ्यात बाकीच्या आहेत, त्यातली एखादी हिला चाटेल का? ते म्हणाले, "त्यांनी का चाटावं? त्यांचं हिच्यावाचून काही अडलेलं नाही. सुरुवात हिनंच करायची. आधी थोडं चाटून बघायचं. परत आलं तर आणखी थोडं. म्हातारपणी जनावर ते करतं का, मला माहीत नाही."

त्याच वर्षी पावसाळ्यात हिच्या पोटात कळ आली. वाडीनं डोली काढली. मघाशी सांगितली, झुडपाजवळ नेलेली, ती हीच डोली. आळीपाळीनं खांदा देत लोकांनी तिला रस्त्यापर्यंत उतरवली, ज्याला चिखलात उतरायला कंबर नव्हती तोही खांद्याला होता. महाडला नेली. तिथं गेली. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. रविवार नव्हता. शाळा सोडून आले होते, पावसात गुडघाभर चिखल आणि हातात तो डबा. त्या खेपेला डबा त्यांच्याकडंच होता. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे आणतात, एवढं त्यांना ठाऊक असावं. डब्यात खिचडी होती. खाली लागलेली, आणि मीठ घालायचं राहिलेलं. मी खाल्ली. माझा मुलगा बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात नोकरी करतो, तो आलेला, त्यानंही दोन घास खाल्ले. मास्तर गोठ्यात जाऊन बसले. निघाले तेव्हा मी डबा धुतला आणि त्यांच्या हातात दिला.

रिकामा दिला. डबा आमचाच, पण दुखवट्यात अन्न घेऊन आलेलं भांडं आणणाऱ्याच्याच हाती परत जातं. आमच्यात तसंच असतं. एरवी भांडं कधी रिकामं जात नाही, पण दुखवट्याच्या घरी आलेलं भांडं रिकामंच परत द्यायचं. त्यात काही घातलं तर आपलं दुःख दुसऱ्याच्या घरी पाठवल्यासारखं होतं. हे वाडीत पोराटोरांना माहीत आहे. मास्तरांनी झाकण उघडलं, आत बघितलं. झाकण लावलं. परत उघडून बघितलं. "बरं," म्हणाले आणि पायवाट उतरून गेले.

पुढच्या रविवारी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी म्हटलं पाऊस आहे. पाऊस गेला, भात कापलं, झोडलं, तरी नाहीत. तेव्हा मला वाटलं, यांनीच तर आपल्याला शिकवलं. ताक देणारी गेली, आता वर कशाला येतील? मी काय देणार त्यांना? मला ताक नीट घुसळता येत नाही, लोणी धरतच नाही. मुलगा म्हणाला, बाबा, गुरं विका आणि बिरवाडीला चला. मी म्हटलं, बघू. पण दर रविवारी सकाळी पालथी पाटी गोठ्याच्या दारात ठेवायचो, आणि दुपारी उचलायचो. पाठीला खाज सुटली की मेढीला घासायचो. तांबी तिकडच्या मेढीला आणि मी इकडच्या. हसायला येईल असं दृश्य होतं, पण हसणारी नव्हती.

गोठ्यात एक कालवड होती, नव्यानं आणलेली, भारी तिरसट. एक दिवस बघतो तर तांबी तिच्या मानेला जीभ लावते आहे. कालवडीनं शिंग मारलं. दुसऱ्या दिवशी तांबी पुन्हा गेली. पुन्हा शिंग. मला राग आला तांबीचा, म्हटलं एवढ्या म्हातारपणी कशाला अपमान करून घेतेस, गो. पण ती जातच राहिली, थोडं चाटायची आणि मागं सरायची. मग एका सकाळी मी शेणाची पाटी उचलत होतो आणि बघितलं, तांबी मान खाली करून उभी आणि ती तिरसट कालवड तिची मान चाटते आहे. जिथं मेढीनं सोललं होतं तिथं. तांबीचे डोळे मिटलेले.

मी पाटी तशीच ठेवली. घरात आलो, हिला सांगायला. चुलीपाशी आल्यावर आठवलं.

मग हे सांगण्यासारखं जगात एकच माणूस उरलं होतं. मी ताक घुसळलं. पातळ झालं. डबा नव्हता म्हणून मुलानं आणलेल्या थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि पोलादपूरला उतरलो. इतक्या वर्षांत मास्तर वर आले, मी कधी त्यांच्या खोलीवर गेलो नव्हतो. विचारत विचारत गेलो.

खोलीत सामान बांधलेलं. पेटी, वळकटी, पुस्तकांचे गठ्ठे. मास्तर रिटायर झाले होते आणि घाटावर बहिणीकडं जायला निघाले होते. मला दारात बघून उभे राहिले. खाटेवर त्यांचा टॉवेल आणि चष्म्याचं घर, बाकी सगळं आवरलेलं. फळीवर मात्र आमचा डबा होता, चिंचेनं घासून लखलखीत केलेला.

"या भाऊ," म्हणाले. मी सरळ माणूस आहे, मी विचारलं, "मास्तर, आला नाय तुमी."

"तुम्ही रिकामा डबा दिलात," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मग?"

"वहिनी म्हणाल्या होत्या, भांडं रिकामं द्यायचं नसतं. तुम्ही दिलंत. मी समजलो, आता पुरे म्हणताय." खाली बघत बोलत होते. "बरोबरच होतं तुमचं. मी त्या घरात काय, गाई बघायला येणारा."

मी म्हटलं, "मास्तर, दुखवट्याचं भांडं रिकामंच द्यायचं असतं. आमच्यात रीत हाय तशी."

"वहिनींनी हे सांगितलं नाही मला."

"तिला काय ठाव, तुमाला ते लागंल."

मास्तर खाटेवर बसले. खिडकीबाहेर एसटी आली, गेली. मग मी बाटली त्यांच्यापुढं ठेवली आणि तांबीचं सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी मधेच हात वर करून थांबवलं, शाळेत पोराला थांबवतात तसं. "कुठली बाजू? डावी? आधी कुणी? शिंग मारल्यावर पुन्हा गेली? नक्की पुन्हा गेली?"

"रोज गेली."

"म्हातारपणी," मास्तर म्हणाले. चष्मा काढून टॉवेलानं पुसायला लागले. पुसतच राहिले. "वहिनींना सांगायला हवं होतं हे."

मी म्हटलं, "मी गेलो हुतो सांगाया. चुलीपाशी."

नंतर ते उठले आणि फळीवरचा डबा काढला, मला द्यायला. झाकण उघडलं आणि त्यांना आठवलं. खोलीभर बघायला लागले, काय घालू म्हणून. सगळं बांधलेलं. खिसे चाचपले. टेबलाचा खण ओढला, तोही रिकामा. एवढा मोठा शास्त्राचा मास्तर, डबा हातात घेऊन मोकळ्या खोलीत इकडून तिकडं. मी उठलो, डबा त्यांच्या हातातून घेतला, बाटलीतलं ताक त्यात ओतलं, झाकण लावलं आणि पुन्हा त्यांच्या हातात दिला.

"अहो, मी उद्या चाललो घाटावर. हे आंबेल."

"आंबू दे."

"डबा परत कसा देऊ?"

मला स्वतःला बोलायला सुचत नाही. तिचंच बोललो. "फिटलं तर वर कशाला याल, मास्तर?"

त्यांनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. "गुडघे चालत नाहीत आता, भाऊ," म्हणाले. "पण आणीन."

मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. राहिलो असतो तर सकाळी एसटीपर्यंत त्यांची वळकटी नेऊन दिली असती, पण संध्याकाळी धार काढायला परतायचं होतं. पायवाटेच्या तोंडाशी येऊन मागं बघितलं तर ते दारातच उभे होते, डबा घेऊन.

याला आता बरीच वर्षं झाली. तांबीही गेली. कालवडीची गाय झाली, तिला दोन वासरं झाली, आणि ती आता दुसऱ्या एका नव्या गाईची मान चाटते. शिंगही मारते, स्वभाव काही जात नाही. मास्तरांचं पुढं काय झालं, कळलं नाही. मुलगा आणि सून सणाला येतात. गेल्या खेपेला सून विळा अडकवायला जागा शोधत होती, तिला मेढीवरचा मोकळा खिळा दिसला. मी म्हटलं, तिथं नको गो, ती जागा डब्याची हाय.

"कुठं हाय डबा, मामंजी?"

"यायचा हाय," मी म्हटलं, आणि पालथी पाटी उचलायला गोठ्यात गेलो.